चंदगडात बसून पुस्तक काढायचंय? कुठे किती पैसे, कुठे शून्य

चंदगड तालुक्यात लिहिणाऱ्यांची वानवा नाही. कुणा निवृत्त गुरुजींनी बोलीतले शब्द वहीत उतरवून ठेवलेत. कुणी पारगड आणि महिपालगडाच्या ऐकीव हकिकती जमवल्यात. कुणाकडे काजूच्या बागेतला आयुष्यभराचा अनुभव कागदावर आहे, तर कुठल्या शाळेची अमृतमहोत्सवी स्मरणिका छापायची राहून गेलीय. रणजित देसाईंचं कोवाड याच तालुक्यातलं, त्यामुळे लिहिण्याचं इथे कुणाला अप्रूप नाही. गाडी अडते ती पुढे. शहरात चौकशी केली की ‘पॅकेज’ सांगतात. टायपिंग, मुखपृष्ठ, आयएसबीएन, ॲमेझॉनवर नोंद आणि आता त्यात नव्याने ‘एआय एडिटिंग’. एकूण आकडा ऐकला की वही परत ट्रंकेत जाते.

त्या पॅकेजमधल्या एकेका गोष्टीला खरोखर किती पैसे पडतात, ते इथे मांडतो. दर २०२५ च्या अखेरचे आहेत. पैसे भरण्याआधी त्या त्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावेत. माझं मत आधीच सांगतो. सरकारी नोंदी आणि संगणकाची साधनं जवळपास फुकट आहेत. खर्च करायचा तो जाणत्या माणसाच्या नजरेवर, म्हणजे मुद्रितशोधनावर. आणि पुस्तकाची मूळ फाइल, संकेतस्थळाचं नाव, सगळी खाती स्वतःच्या हातात ठेवायची.

वही संगणकावर चढवताना

मजकूर जुना पण छापील असेल, तर टायपिंगला पैसे देऊच नका. गुगल लेन्सने पानाचा फोटो घेतला की देवनागरी मजकूर उचलता येतो. गुगल ड्राइव्हमध्ये पानाचा फोटो ठेवून तो डॉक्समध्ये उघडला तरी तेच काम होतं. टेसरॅक्ट नावाची मुक्त प्रणालीही मराठी ओळखते, फक्त ती चालवायला संगणकाची थोडी सवय लागते. हाताने लिहिलेल्या वहीला मात्र हा उपाय फारसा चालत नाही. तिथे वही मोठ्याने वाचायची आणि फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मजकूर उतरवायचा. शुल्क काही नाही. लागतो तो डेटा. दिवसाला दीड जीबी देणारं २८ दिवसांचं रिचार्ज तीनशे ते साडेतीनशे रुपयांना पडतं, आणि ते बहुतेकांच्या फोनवर असतंच.

आवाजी टायपिंगला विरामचिन्हं नीट जमत नाहीत आणि गावांची नावं तर अजिबात नाहीत. ‘चंदगड’ म्हणावं तर ‘चंदीगड’ उमटतं. तुर्केवाडी, ढोलगरवाडी, नागरदळे यांचं काय होईल सांगता येत नाही. म्हणून गावांची, माणसांची, झाडापेडांची नावं वेगळ्या कागदावर लिहून ठेवावीत आणि शेवटी एकेक शोधून दुरुस्त करावीत. आणखी एक सूचना, इथल्या पावसाची. वीज गेली आणि रेंज गेली तरी लिहिलेलं टिकावं, म्हणून डॉक्समध्ये ‘ऑफलाइन’ची सोय आधीच चालू करून ठेवा. जूनमध्ये आठवून उपयोग नाही.

डीटीपीवाल्याकडे काम द्यायचंच असेल, तर पानाला किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की मजकूर युनिकोडमध्ये देणार का? छपाईच्या धंद्यात श्री-लिपी, आकृती अशा जुन्या फाँटांवर अजून पुष्कळ काम चालतं. छापायला त्याची अडचण नसते. पण तीच फाइल फोनवर किंवा संकेतस्थळावर नेली की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यात रफार आणि जोडाक्षरं अधूनमधून तुटतात आणि सगळं पुन्हा वाचावं लागतं. म्हणजे टायपिंगचे पैसे एकदा दिले, दुरुस्तीचे दुसऱ्यांदा. चंदगडचे लोक छपाईला बेळगावला जातात किंवा कोल्हापूरला. कुठेही गेलात तरी पावतीवर एक ओळ लिहून घ्या: ‘मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही ग्राहकाला दिली जाईल.’ ही ओळ लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे काम देऊ नये.

फाँटसाठी वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. मुक्त, तिरो देवनागरी मराठी, नोटो हे उत्तम युनिकोड फाँट मुक्त परवान्याने मिळतात आणि पुस्तकात, विक्रीच्या पुस्तकातसुद्धा, वापरता येतात.

एआय : किती पैशांचं, किती कामाचं

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. तेव्हापासून ‘एआयकडून पुस्तक करून घेऊ’ हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. आधी दर पाहू. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड या तिघांचीही फुकट आवृत्ती आहे आणि एका पुस्तकाच्या कामाला ती पुरते. चॅटजीपीटीची ‘गो’ ही स्वस्त वर्गणी ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात महिना ३९९ रुपयांनी सुरू झाली. ‘प्लस’ला महिना १,९९९ रुपये पडतात. वर्षाचा हिशेब केला तर पहिलीचे ४,७८८ आणि दुसरीचे २३,९८८ रुपये होतात. एवढ्यात पुस्तकाच्या बऱ्याच प्रती छापून होतील.

२०२५ मध्ये फुकटाच्या सवलतींचा पूर आला. एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची वरची वर्गणी वर्षभरासाठी दिली, जिओने जेमिनायची १८ महिन्यांसाठी, आणि चॅटजीपीटीनेही ‘गो’ वर्षभर मोफत केलं. अशी सवलत अजून मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. पण अशा कुठल्याही सवलतीत कार्ड किंवा यूपीआयची ‘ऑटोपे’ संमती मागितली असेल, तर मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाऊ शकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कपात होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती एसएमएसच्या गर्दीत हरवते. म्हणून संमती दिली त्याच दिवशी यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हे पान उघडा आणि संमती तिथूनच कशी रद्द करायची ते पाहून ठेवा. ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवणं आणि रद्द करण्याची वाट लपवणं हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे फसव्या रचनांमध्ये मोडतं. तक्रार करता येते.

फुकट आवृत्तीची मर्यादा मराठीत लवकर संपल्यासारखी वाटते, आणि तो भास नाही. ही यंत्रं मजकुराचे बारीक तुकडे करून मोजतात. तेवढ्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा देवनागरीचे तुकडे जास्त पडतात. म्हणून अख्खं पुस्तक एकदम देऊ नये. एका वेळी एकच प्रकरण द्यावं. कामही त्यामुळे चांगलं होतं.

आता कामाचं. चंदगडी बोलीला मराठीबरोबर कोकणी आणि कानडीचाही शेजार आहे. तीच तिची श्रीमंती. यंत्रांच्या यादीत मराठी आहे, कोकणीही आहे (गुगल ट्रान्सलेटमध्ये ती २०२२ साली आली), सरकारच्या भाषिणी प्रकल्पातही या दोन्ही भाषा आहेत. चंदगडी कुठेच नाही. परिणाम असा की बोलीतला उतारा ‘सुधारून दे’ म्हणून दिला की यंत्र तो शहरी छापील मराठीत बसवून देतं, आणि तेही इतक्या सफाईने की वाचताना बरं वाटतं. आजीच्या तोंडचं वाक्य वर्तमानपत्री होऊन येतं. ज्या शब्दांसाठी पुस्तक काढायचं तेच शब्द गेले, तर पैसे वाचले काय नि न वाचले काय? माझ्या मते या सगळ्या व्यवहारात सर्वांत मोठं नुकसान हेच आहे, आणि ते कुठल्याच बिलात दिसत नाही.

म्हणून यंत्राला आज्ञा नेमकी द्यावी. मी वापरतो ती अशी: ‘या मजकुरातला एकही शब्द बदलू नको. वाक्यरचना बदलू नको. ऱ्हस्व-दीर्घाची, सुटलेल्या अक्षराची शंका वाटेल ती जागा क्रमांक देऊन वेगळी दाखव. बोलीतल्या शब्दांना चूक म्हणू नको.’ मग आलेल्या यादीतली दुरुस्ती स्वतःच्या हाताने मूळ फाइलमध्ये करायची. यंत्राने परत दिलेला मजकूर मूळ फाइलवर कधीही चिकटवायचा नाही.

शब्दांची यादी अकारविल्हे लावायचं काम लोक हौसेने एआयला देतात. देऊ नये. लांबलचक यादीतले काही शब्द त्यात गळून जाऊ शकतात, नसलेले शब्द घुसू शकतात, आणि हजार शब्दांत ते लक्षातही येत नाही. गुगल शीट्समध्ये एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात गाव टाकून ‘सॉर्ट’ करा. फुकट आहे आणि एकही शब्द गळत नाही.

इतिहासाच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं. गड कुणी बांधला, किल्लेदार कोण, कोणतं साल, असं विचारलं तर यंत्र ठामपणे उत्तर देतं. ते खरं असेल किंवा ऐनवेळी जुळवलेलं असेल. पारगडावर तानाजी मालुसऱ्यांचे वंशज राहतात, म्हणजे तिथली हकिकत विचारायला माणसं आहेत. संदर्भासाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. बोलींबद्दल डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या बोली सर्वेक्षणाचं संकेतस्थळही मोफत आहे, आणि तिथे लोकांचं प्रत्यक्ष बोलणं ऐकायला मिळतं. कोश कसा लिहावा, नोंद कशी घ्यावी हे तिथल्या नमुन्यावरून चांगलं शिकता येतं.

एआयची खरी मदत होते ती कंटाळवाण्या कामात. पुस्तकाची इंग्रजी ओळख लिहिणं, अर्जाचा मसुदा करणं, प्रकरणांच्या मथळ्यांत सारखेपणा आहे का ते पाहणं, किंमतीचा हिशेब मांडणं. ही कामं तो चोख करतो. आणि दुसऱ्यांच्या खासगी गोष्टी, गावातल्या तंट्यांची नावं, फोन नंबर असलेला मजकूर त्याला देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आपला मजकूर मॉडेलच्या सुधारणेसाठी वापरण्याची परवानगी बंद करावी.

मुद्रितशोधन

इथे पैसे काढा. ‘एआय एडिटिंग’च्या नावाखाली पॅकेजमध्ये जी रक्कम लावलेली असते, ती वगळायला सांगा आणि तीच एखाद्या मराठीच्या निवृत्त शिक्षकाला किंवा चंदगडी बोलणाऱ्या, वाचनाची सवय असलेल्या माणसाला द्या. दर पानावर ठरवा, पानात साधारण किती शब्द ते आधी ठरवा, आणि दोन वाचनांचे पैसे धरा: एक टायपिंगनंतर, दुसरं पानं लागल्यावर. पानं लावताना ओळी तुटतात, तळटीप हरवते, त्यामुळे दुसरं वाचन चुकवू नये. ओळखीच्या माणसाकडून हे काम फुकट करून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. दोनशे पानं अक्षर न अक्षर वाचणं ही मेहनत आहे आणि तिचा मोबदला पाकिटात घालून दिला पाहिजे.

नोंदी आणि हक्क

आयएसबीएन भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक स्वतः, प्रकाशकाशिवाय, अर्ज करू शकतो. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. ‘आयएसबीएन फी’ म्हणून कुणी हजार-दोन हजार सांगत असेल, तर ती त्याची अर्ज भरण्याची मजुरी आहे. तसं स्पष्ट म्हणायला लावा. अर्ज त्याच्या संस्थेच्या नावाने गेला तर पुस्तकाचा प्रकाशक म्हणून तीच संस्था नोंदली जाते, हेही लक्षात ठेवा.

स्वामित्वहक्क लिहिल्याक्षणी लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पुरावा म्हणून नोंदणी हवीच असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये सरकारी शुल्क आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो.

दुसऱ्याचं साहित्य वापरतानाचा नियम तेवढाच महत्त्वाचा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. रणजित देसाई १९९२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५२ च्या अखेरपर्यंत आहे. कोवाडचे म्हणून त्यांच्या ‘स्वामी’ कादंबरीतली पानं स्कॅन करून आपल्या संकेतस्थळावर ठेवणं बेकायदा ठरेल, कितीही प्रेमाने केलं तरी. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत आलेली पुस्तकं २०११ पासून सर्वांना खुली आहेत.

संकेतस्थळ आणि ई-पुस्तक

गुगलच्या ब्लॉगरवर जागा फुकट मिळते आणि तिथे स्वतःचं नाव जोडताही येतं. म्हणजे वर्षाचा खर्च फक्त नावाचा. ‘डॉट इन’ला नूतनीकरणासह वर्षाला साधारण ६०० ते १,००० रुपये धरा. पहिल्या वर्षाचा दर फार कमी दाखवतात, त्यामुळे नोंदणी करताना दुसऱ्या वर्षाचा दर वाचा. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ही २०१४ पासून मिळतं. छान दिसतं, पण ते टाइप करताना अजून अनेकांची अडचण होते, म्हणून ते जोडीला असावं, एकटं नको. वेगळं होस्टिंग घ्यायला सांगणारे महिना शंभर-दोनशे रुपये म्हणतात. तो दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरचा असतो. मजकूर आणि काही फोटो एवढंच ठेवायचं असेल तर त्याची गरज नाही.

नाव कुणाच्या ईमेलवर नोंदलं आहे, हे तपासाच. संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर नाव घेतलं, मग तो बंगळूरला नोकरीला गेला आणि नूतनीकरणाची आठवण त्यालाच येत राहिली, असे प्रकार होतात. नाव सुटलं की ते दुसरा कुणीही घेऊ शकतो.

ॲमेझॉनच्या केडीपीवर ई-पुस्तक चढवायला एक रुपयाही लागत नाही. मराठी तिथे २०१६ पासून चालते. ‘ॲमेझॉनची फी’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो खोटं बोलतो आहे. पॅन आणि बँक खातं लेखकाचंच द्यावं. मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये जावं लागतं, आणि त्यात ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही, स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा, ठेवता येत नाही. शिवाय ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकाराप्रमाणे डिलिव्हरीचे पैसे कापतात, त्यामुळे गडांच्या फोटोंनी भरलेल्या पुस्तकाला तो परवडेलच असं नाही. बोलीकोशासारखं पुस्तक लोकांना सहज सापडावं असं वाटत असेल तर ३५ टक्क्यांवर राहून मोकळं राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. २०२३ पासून केडीपीवर मजकूर किंवा चित्रं एआयने तयार केलेली असतील तर ते पुस्तक चढवताना सांगावं लागतं. मुखपृष्ठाचं चित्र तसं केलं असेल तरीही. ते खरं सांगावं.

छापील प्रती

प्रती कमी हव्या असतील तर डिजिटल छपाई, पाचशेच्या पुढे ऑफसेट. दर मागताना पानाचा दर, मुखपृष्ठाचा दर आणि बांधणी वेगवेगळी लिहून घ्या. १२० पानांच्या १०० प्रती म्हणजे १२,००० पानं. पानामागे दहा पैशांचा फरक १,२०० रुपयांवर जातो, म्हणून दोन ठिकाणी विचारणं फायद्याचं. आधी पन्नासच छापा. मागणी आली तर पुन्हा छापता येतात, घरात पडलेले गठ्ठे मात्र पावसाळ्यात वाळवी खाते.

छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. यूपीआयने थेट खात्यावर पैसे घेतले तर शुल्क नाही. पेमेंट गेटवे वापरला तर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २०० रुपयांच्या पुस्तकामागे ४ रुपये ७२ पैसे. टपालखात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. पुस्तकात जाहिराती नसाव्यात आणि मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं. स्मरणिकेत दुकानदारांच्या जाहिराती असतात, त्यामुळे ती या दरात जाणार नाही. हे आधीच धरून हिशेब करा.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते, तीस दिवसांच्या आत. स्वतःच प्रकाशक असाल तर या चार प्रती बाजूला काढून ठेवा. पुढे शंभर वर्षांनी कुणी शोधलं तर पुस्तक तिथे सापडेल.

फसगत झाली तर

पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासाला फार किंमत आहे. काम अर्धवट टाकलं, कबूल केलेली फाइल दिली नाही, पैसे परत मिळत नाहीत, अशा तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे बऱ्याच तक्रारी पत्रव्यवहारात मिटतात. नाहीच मिटली तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून पुण्याच्या किंवा दिल्लीच्या पॅकेजवाल्याविरुद्धची तक्रार चंदगडचा माणूस कोल्हापुरात दाखल करू शकतो. व्यापारासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठीची बसते. आणि या सगळ्यात उपयोगी पडते ती पावतीवरची ओळ, व्हॉट्सॲपवरचं लेखी बोलणं आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक. रोख देऊ नका.

आवाज

बोलीचं काम करणाऱ्यांसाठी एक शेवटचं काम, ज्याला फोनशिवाय काहीच लागत नाही. छापील शब्दातून हेल कळत नाही. म्हणून ज्यांच्याकडून शब्द मिळाले त्यांच्याच तोंडून ते, वाक्यासकट, रेकॉर्ड करून घ्या. कशासाठी हवं ते त्यांना आधी सांगा, आणि त्यांचा होकार त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या. पंखा बंद, फोन वीतभर अंतरावर, एका फाइलमध्ये एकच माणूस. फाइलच्या नावात गाव, वर्ष आणि विषय: ‘कोवाड-२०२६-भातलावणी’. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ड्राइव्हवर, आणि संमती असेल तर एक इंटरनेट आर्काइव्हवर, जिथे ठेवायला पैसे पडत नाहीत. विकिमीडिया कॉमन्सवरही ठेवता येतं, पण तिथला परवाना कुणालाही पुनर्वापराची, अगदी धंद्यासाठीसुद्धा, मुभा देतो. ते आजींना समजावून सांगून, त्या हो म्हणाल्या तरच.